रात्री बाराचा पाहुणा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही पोरगी बापाला असं कसं बोलली.

आम्ही मंगरूळपीरचे. अब्बू, म्हणजे मेहबूब टेलर, पस्तीस वर्षांपासून शर्ट-पँट शिवतात. अम्मी, रहमतबी, घरी बायकांचे कपडे शिवते आणि बारावी झाल्यापासून मीही तिच्या शेजारच्या मशीनवर बसते. मोठा भाऊ दानिश ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. आमच्या घरात जी भाषा बोलतात तिला उर्दूवाले उर्दू मानत नाहीत आणि मराठीवाले मराठी मानत नाहीत. आमचं काही अडत नाही.

वाशीमला बसने जाऊन-येऊन मी सहा महिने वेबसाईट बनवायचा कोर्स केला. शेवटी प्रत्येकीला एक वेबसाईट बनवायची होती. बाकीच्या मुलींनी हॉटेलांच्या बनवल्या, जी हॉटेलं जगात कुठेच नव्हती. मी म्हटलं, आपल्याला जे येतं तेच करावं. ‘फरहीन शिलाई वर्ग’ असं नाव दिलं आणि अम्मी-अब्बूंचं पाहून पाहून जे शिकले होते ते सोप्या मराठीत लिहून काढलं. परकर, सलवार, झबलं, फ्रॉक, ब्लाउज, प्रत्येकाचं एक पान. कापड किती घ्यायचं, माप कुठून कुठे, खडूची रेघ कशी वळवायची. आकृत्या मी चौकटीच्या वहीवर हाताने काढल्या आणि दानिशभाईने स्कॅन करून दिल्या. व्हिडिओ केले नाहीत. एक तर अब्बूंना ते चाललं नसतं, आणि दुसरं म्हणजे व्हिडिओ पुढे पळत सुटतो आणि शिवणारी मागे राहते. पान बिचारं जागेवर थांबतं.

दहा महिने ती वेबसाईट तशीच पडून होती म्हटलं तरी चालेल. दिवसाला पाच-सात जण यायचे, त्यात दोनदा मीच असायची. कोण आलं, कधी आलं, हे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलवर कळतं. वेबसाईट ठेवायला कुठल्या तरी मोठ्या मशीनवर वर्षाच्या बोलीने जागा घ्यावी लागते, आणि पॅनल म्हणजे त्या जागेची हजेरीवही. कोणत्या फोनवरून, कोणतं पान, किती वाजता उघडलं, सगळं आपोआप उतरत राहतं. जागा दानिशभाईने घेऊन दिली होती, म्हणून पॅनलचा पासवर्ड त्याच्याकडे होता. मी तो कधी मागितला नाही. ही माझी चूक, कबूल आहे.

तेरा मे रोजी संध्याकाळी दानिशभाई लॅपटॉप घेऊन घरी आला आणि माझ्याकडे न येता सरळ अब्बूंसमोर जाऊन बसला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

“अब्बू, फरहीनच्या वेबसाईटवर एक मानूस येऊन राह्यला,” तो म्हणाला.

“येऊ दे ना. लोकायनं यावं म्हूनच केली ना तिनं?” अब्बू म्हणाले.

“रोज येते. रात्री बारा ते दोन.”

अब्बूंनी चष्मा लावला. दानिशभाईने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तासागणिक किती वेळा वेबसाईट उघडली याच्या उभ्या निळ्या पट्ट्या होत्या. दिवसभर सपाट मैदान, आणि रात्री बारा ते दोनच्या जागी दोन पट्ट्या थेट वरच्या काठाला टेकलेल्या.

“दीड महिन्यापासून चालू हाय,” तो म्हणाला. “फोन एकच. कधी साठ खेप उघडते, कधी सत्तर. अन् पान एकच.”

“कोनतं?” अम्मीने विचारलं.

दानिशभाईने पान उघडून दाखवलं. ‘ब्लाउज : अंगावरून माप कसे घ्यावे.’ खाली मी काढलेली आकृती. बाईचं धड, डोकं नाही, हात नाहीत, आणि छातीवरून आडवा गेलेला बाण. ती काढताना मला फक्त टेप कुठे धरायचा एवढंच दिसत होतं. आता सगळं घर तिच्याकडे बघत होतं तेव्हा ती आकृती मलाच भलतीच वाटू लागली. अम्मीने उगाच डोक्यावरचा पदर नीट केला.

अब्बूंनी स्क्रीन परत दानिशभाईकडे फिरवली. मग हळू आवाजात म्हणाले, “शरीफ घरची पोरगी हाय. रात्री बारा वाजता तिच्या नावाचं पान कोन उघडून पाह्यते? अन् सत्तर खेप कायले?”

“मले काय माईत?” मी म्हटलं.

“मंग बंद कर.”

“चूक त्याची अन् बंद माहं काहून?”

“फरहीन,” अम्मी म्हणाली.

“नाई अम्मी. रस्त्यात कोनी वाईट नजरेनं पाह्यलं तं आपुन रस्ता बंद करतो काय? मी दहा महिने काढले त्याच्यात. डोळे फोडून आकृत्या काढल्या.”

अब्बूंनी माझ्याशी वाद घातला नाही. ते कधीच घालत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते दानिशभाईला म्हणाले, “हे जागा कधीपर्यंत हाय?”

“एकतीस मेपर्यंत. मंग पुढच्या वर्षाचं भरा लागते.”

“भरू नको. आपोआप बंद पडंन.”

एवढं बोलून ते नमाजला गेले. दानिशभाई लॅपटॉप मिटू लागला तसा मी त्यावर हात ठेवला. “पासवर्ड दे. अठरा दिवस तं अजून माहे हायत.” त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कागदावर लिहून दिला. तो वाईट नाही. फक्त त्याला अर्धं कळलं की पूर्ण कळल्यासारखं वाटतं.

पुढचे तीन दिवस मी शिलाई कमी आणि पॅनल जास्त पाहिलं. एकेका भेटीची एकेक ओळ. फोनच्या जोडणीचा नंबर, पानाचं नाव, वेळ. तो माणूस खरंच रोज यायचा. बारा वाजून दोन मिनिटं, बारा वाजून चार, बारा वाजून सात. पान उघडायचा, सोडायचा, पुन्हा तेच पान उघडायचा. मी मनातल्या मनात त्याला चेहरा दिला. पान खाऊन लाल झालेले दात, बारीक मिशी, गळ्यात चेन. मग त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की अम्मीला कळल्या असत्या तर तिने मशीन सोडून मला बडवलं असतं.

पॅनलमध्ये एखाद्या नंबराला दार बंद करायची सोय असते. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी ठरवलं की याला हाकलूनच देऊ. त्याचा नंबर त्या चौकटीत टाकला. बटण दाबायच्या आधी, नंबर बरोबर उतरला का म्हणून पुन्हा यादीकडे पाहिलं, तर सगळ्यात वर आणखी एक ओळ आलेली. परकराचं पान, लॅपटॉपवरून उघडलेलं. वेळ, पहाटेचे चार वाजून दोन मिनिटं.

परकराचं पान मीच उघडलं होतं. दुपारी साडेतीनला, एक चूक दुरुस्त करायला. पहाटे चारला मी कशाला उठते? मला फजरला उठवायला अम्मीला तीन हाका माराव्या लागतात आणि चौथ्या वेळी पाणी.

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. तेच पान पुन्हा उघडलं आणि यादी ताजी केली. नवी ओळ आली, पहाटेचे चार वाजून चाळीस मिनिटं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती मशीन अमेरिकेत कुठे तरी ठेवलेली होती आणि हजेरी तिथल्या घड्याळाने लागत होती. आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. आमचं ऊन तिथली रात्र. म्हणजे रात्री बाराचे आमचे साडेअकरा वाजत होते, सकाळचे. आणि दोनचे दीड. तो माणूस दीड महिना भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येत होता आणि आम्ही त्याला रात्रीचा चोर ठरवून बसलो होतो. दानिशभाईला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. सहा महिने कोर्स मी केला होता आणि तीन दिवस शिव्याही मीच दिल्या होत्या. मी चौकटीतला नंबर पुसला.

दुसऱ्या दिवशी अब्बू आणि दानिशभाई जेवायला घरी आले तेव्हा मी लॅपटॉप दस्तरखानाच्या कडेला मांडूनच ठेवला होता.

“अब्बू, तुमच्या फोनवर माही वेबसाईट उघडा,” मी म्हटलं.

“कायले?”

“उघडा तं सई.”

त्यांनी कपाळाला आठ्या घालत उघडली.

“घड्याळात किती वाजले?”

“पावणे एक. आत्ताच तं अजान झाली.”

मी यादी ताजी केली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “हे पाहा तुमचा फोन. पॅनल म्हनते, तुमी रात्री सव्वा वाजता माही वेबसाईट पाहून राह्यले.”

अब्बूंनी घड्याळ पाहिलं, लॅपटॉप पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. “याचं घड्याळ बंद हाय?”

“बंद नाई. अमेरिकेचं हाय. तिथं आत्ता रात्र हाय. भाईजाननं जी रात्र दाखवली ना, थे आपली दुपार हाय.”

दानिशभाईचा घास हातातच राहिला. अम्मी तोंडाला पदर लावून हसली. पण अब्बू हसले नाहीत. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यांच्या ओळीच्या खाली एक ओळ होती, तिच्याखाली आणखी एक. सव्वा वाजता, एक चौदा, एक बारा. ब्लाउजचं पान.

“हा आत्ताबी बसला हाय,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग रात्र जाऊ दे. दिवसा का होईना, एकच फोन, सत्तर खेप, एकच पान. कोन हाय थे सांग. नाई सांगता आलं तं एकतीसले बंद.”

या वेळी त्यांचं बरोबर होतं.

दुपारी मी आणि अम्मी मागचा महिनाभराचा हिशेब बघत बसलो. पट्ट्या रोज होत्या, पण मधूनच एखादा दिवस कोरा. मोजलं तर प्रत्येक सोमवार कोरा निघाला.

“सोमवारी सावळदरीचा बाजार असते,” अम्मी म्हणाली. लग्नानंतरची सहा वर्षं तिने आजूबाजूच्या बाजारांत परकर विकलेत, तिला सगळ्या गावांचे वार पाठ आहेत. जरा वेळाने तिने मशीनचं चाक थांबवलं. “बाजाराच्या दिवशी ज्याचं काम बंद पडते, थो मानूस नसते, बाई असते. मानूस बाजारात जाऊन चहा पिते. सौदा बाईच आनते.”

मला अम्मीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पण अब्बूंना अंदाज चालणार नव्हता, त्यांना माणूस समोर हवा होता. मी ब्लाउजच्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘हे पान रोज दुपारी कोण पाहतं? कृपया फोन करून सांगावं.’ खाली नंबर टाकायचा होता. मी अम्मीकडे पाहिलं. ती म्हणाली, “माहा टाक. अब्बूले मी सांगीन.”

पहिल्या दिवशी एकाहत्तर वेळा पान उघडलं, फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी शून्य.

मला वाटलं पॅनल बिघडलं. वेबसाईट उघडून पाहिली, व्यवस्थित चालत होती. तिसऱ्या दिवशीही शून्य, चौथ्या दिवशीही. तो माणूस, ती बाई, जे कोणी होतं ते, मी एक प्रश्न विचारला आणि पळून गेलं. मला जेवण जाईना. दीड महिना कोणीतरी माझं लिहिलेलं वाचत होतं, सत्तर सत्तर वेळा वाचत होतं, आणि मी त्याला आपल्या हाताने घालवलं. दानिशभाई एकदा म्हणाला, “पाह्य, खरा असता तं फोन केला असता.” मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

तेवीस तारखेला दुपारी अम्मीचा फोन वाजला. अम्मी एका नवरीच्या ब्लाउजला अस्तर लावत होती, तिचे हात गुंतलेले. अब्बू जेवून आडवे झाले होते, त्यांनी हात लांबवून फोन उचलला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकला.

“फरहीन मास्तर हायत काय?” एका बाईचा आवाज आला.

आमच्या धंद्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. पस्तीस वर्षांत आमच्या घरी मास्तरसाठी आलेला प्रत्येक फोन अब्बूंचा होता. ते उठून बसले.

“कोन बोलते?” त्यांनी विचारलं.

“मी हिरीबाई. भाऊसिंग नाईक तांड्यावरून. सावळदरीच्या पलीकडं. दादा, मास्तरीनबाईले सांगा, आमची चूक झाली. आमाले माईत नोतं.”

“कायची चूक?”

“एका मोबाईलवर आमी बावीस जनी पाहून राह्यलो ना. तुमी लिवलं, कोन पाह्यते म्हून, थे उठता उठता वाचलं, तं आमाले वाटलं, पकडलं. एका मोबाईलवर एकीनंच पाह्याचं असंन. पोरगी भेली, तिनं उघडनंच बंद केलं. पन चार दिस झाले, मशिनी नुसत्या पडल्या हायत. मी म्हनलं, इचारून तं पाहू. एकीच्या नावानं परवानगी भेटली तं बाकीच्या दूर बसतीन.”

अम्मीच्या पायाखालचं मशीन थांबलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तांड्यावरच्या बचत गटाला चार शिलाई मशिनी मिळाल्या होत्या. शिकवणारी बाई तीन दिवस आली आणि परत आलीच नाही. ऊसतोडीवरून घरं परतली, उन्हाळ्यात शेतात काम नव्हतं, तर हिरीबाईची मुलगी रुचिका, तिने मोबाईलवर शोधता शोधता माझं पान काढलं. फोन तेवढा एकच होता, रुचिकाचा. बाकीचे फोन नवऱ्यांच्या खिशात. सकाळचं आटोपून साडेअकराला बायका जमायच्या. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना रुचिका मोठ्याने वाचून दाखवायची. जिची मशीनवर पाळी आली तिच्या हातात फोन जायचा, ती पान पहिल्यापासून उघडायची, आकृती बघायची, अडली की पुन्हा उघडायची. बावीस बायका, तीन-तीन खेपा. सत्तरचा हिशेब लागला.

अब्बूंनी फोन माझ्याकडे दिला. “घे. तुह्यासाठी हाय.”

मी हिरीबाईंना म्हटलं, “मावशी, बावीस काय, बावीसशे पाहा. तुमच्यासाठीच लिवलं थे.”

फोन ठेवल्यावर अब्बू एवढंच म्हणाले, “उद्या दुकान बंद ठेवतो. जाऊन पाहू.” त्यांना विश्वास नव्हता असं नाही. पण कापड हातात घेतल्याशिवाय ते कापडाबद्दल बोलत नाहीत, तसंच हे.

चोवीस तारखेला आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. दुपारचे बारा वाजत आले होते, डांबर वितळून चाकाला चिकटत होतं. तांड्याच्या मधोमध सेवालाल महाराजांचं देऊळ, त्याच्यासमोर टिनाचं छत, छताखाली चार मशिनी आणि दाटीवाटीने बसलेल्या बायका. काही माझ्या वयाच्या, साडीतल्या. काही म्हाताऱ्या, आरशांच्या कांचळीतल्या, म्हणजे बंजारा चोळीतल्या. मध्ये एक सडपातळ मुलगी मोबाईल हातात घेऊन माझंच पान मोठ्याने वाचत होती. “मागच्या मुंढ्याची रेघ अर्धा इंच वर घ्यावी.” माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

हिरीबाई उठून पुढे आल्या आणि अब्बूंना हात जोडून म्हणाल्या, “या मास्तर.”

“मी नाई,” अब्बू म्हणाले, “हे.”

हिरीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढीशी पोट्टी? आमाले वाटलं, केस पिकलेली बाई असंन. असं समजावून सांगते व तू.” मग सगळ्या हसल्या आणि मला मधोमध बसवलं. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा माझ्याकडे वळवला.

अब्बूंनी शिवून झालेला एक ब्लाउज मागितला. त्यांनी तो उलटा केला. शिलाई आतून बघायची त्यांची सवय आहे, वरून कोणताही कपडा चांगला दिसतो असं ते म्हणतात. बायका सरकून जवळ आल्या. अब्बूंनी माझं शिवलेलं आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांनी दुसरा ब्लाउज घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक वेळी त्यांचं बोट मुंढ्याच्या गोलाईवर, जिथे बाही जोडतात तिथे, जाऊन थांबत होतं.

“हा मुंढा असा काहून कापला?” त्यांनी विचारलं.

“पानावर तसाच हाय, दादा,” रुचिका घाबरत म्हणाली. “चुकला काय?”

हिरीबाईंनी तिला बाजूला सारलं. “चुकला कसा? पाहा.” त्यांच्या अंगात नवाच ब्लाउज होता. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, उसाची मोळी उचलून डोक्यावर घेतात तसे. “जुन्या ब्लाउजात हात वर केला का पाठ ओढली जाते. पहिल्याच महिन्यात काखेत फाटते. याच्यात नाई ओढत. यंदा आमी साऱ्याजनी हेच घालून तोडीवर जानार.”

मागचा मुंढा अर्धा इंच वर घ्यायची ही रीत अब्बूंची आहे. हमाली करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या गिऱ्हाइकांचे शर्ट काखेत फाटतात म्हणून त्यांनी ती कधीकाळी स्वतः शोधली होती. मला त्यांनी ती कधी शिकवली नाही. दुकानात डबा घेऊन जायची तेव्हा मी उभ्या उभ्या पाहिली होती आणि ब्लाउजला लावली होती. आता ते तिथे बसले होते, मांडीवर तीन ब्लाउज, आणि जिथे त्यांनी आयुष्यात कधी पाय ठेवला नव्हता त्या तांड्यावर बावीस जणींच्या हातून त्यांचाच हात चालत होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्म्यावर पुसायला काही नव्हतं.

“फरहीन,” ते म्हणाले, “दानिशले फोन लाव.”

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला.

“दानिश, थे एकतीस तारखेचं काय म्हनत होता तू? भरून टाक.” पलीकडून तो काही तरी बोलला. “नाई, एक वर्षाचं नाई. जास्तीत जास्त किती भरता येते? पाच? मंग पाच वर्षाचं भर. अन् आजच भर, उद्यावर ठेवू नको.”

मी रडले. सगळ्यांसमोर, पदराआड वगैरे न जाता. रात्रीच्या पाहुण्याची बदनामी, अठरा दिवसांची मुदत, चार दिवसांचं शून्य, सगळं एकदम बाहेर आलं. हिरीबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, “रडू नको व माय, रडू नको,” आणि त्यांना माझ्या रडण्याचं कारणच माहीत नव्हतं. कारण सांगायचं म्हणजे त्यांना हे सांगावं लागलं असतं की त्या बावीस जणी आमच्या घरी बारीक मिशीचा एक लोफर म्हणून राहत होत्या.

रडणं आवरल्यावर एक म्हातारी अब्बूंकडे वळली. “मास्तर, आलेच हा तं आमाले कटोरीचा ब्लाउज शिकवा ना. थो पानावर नाई.”

“मी शर्टवाला,” अब्बू म्हणाले. “तुमची मास्तर हे हाय. तिले म्हना.”

बायकांनी जमिनीवर चादर अंथरली, कोणीतरी कोरं कापड आणलं, रुचिकाने खडू पुढे केला. टिनाखाली वारा सुटला आणि कापड उडायला लागलं. मी धरायला कोणाला तरी सांगणार, तेवढ्यात अब्बू गुडघे वाकवून चादरीवर बसले आणि दोन्ही हातांनी कापडाची दोन टोकं दाबून धरली, दुकानात त्यांच्यासाठी नवा कारागीर धरतो तशी. मी खडूने रेघ ओढली. त्यांनी ती नीट पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, “काप.”